अभ्यासिका आणि अभ्यासगट : ग्रामीण युवकांच्या पर्यायी शिक्षणाची चिकित्सा

'अभ्यास' या एकाच शब्दाने ग्रामीण महाराष्ट्रात आज दोन अगदी भिन्न व्यवहार ओळखले जातात. पहिला अभ्यासिकेचा. वाशीम जिल्ह्यातील अनसिंगसारख्या मोठ्या गावांत बारावी किंवा पदवी झालेला तरुण पोलीस भरती, तलाठी, लोकसेवा आयोग अशा परीक्षांच्या तयारीसाठी अभ्यासिकेत बसतो. अनेक ठिकाणी ही जागा लोकवर्गणीतून किंवा ग्रामपंचायतीच्या साहाय्याने उभी राहिलेली असते. म्हणजे तिची उभारणी सामुदायिक असते. मात्र आत प्रत्येकाचे पुस्तक वेगळे, मौन सक्तीचे आणि यशाचा अर्थ गाव सोडता येणे हा. दुसरा व्यवहार अभ्यासगटाचा. त्याचे सर्वांत परिचित उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंड गाव होय. पर्यायी शिक्षणाविषयीच्या चर्चेत हा भेद सहसा दुर्लक्षिला जातो आणि गावाने उभारलेली प्रत्येक सोय 'लोकसहभागातून शिक्षण' या सदरात जमा होते.

विदर्भाला या विचाराची जुनी परंपरा आहे. १९३७ च्या वर्धा परिषदेतून नई तालीम पुढे आली आणि १९४५ च्या सुमारास तिचा व्याप प्रौढांपर्यंत विस्तारला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या १९५५ मधील 'ग्रामगीते'त जीवनशिक्षणाला स्वतंत्र अध्याय आहे. या दोन्ही धारांचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट नोंदवावी लागते : काय शिकावे याचा निर्णय तेथे बहुतांशी गावाच्या हितचिंतकाने केलेला होता. शिकणाऱ्याचा प्रश्न हाच अभ्यासक्रम, ही कल्पना तेथे बीजरूपाने असेल. व्यवहारात ती क्वचितच आढळते.

मेंढ्याच्या अभ्यासगटाचे वेगळेपण नेमके येथे आहे. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे मित्र आणि देवाजी तोफा यांच्यासारखे गावातील कार्यकर्ते यांच्या संवादातून तो घडला. त्याची शिस्त साधी आहे. अभ्यासगटात निर्णय घ्यायचा नाही. तेथे माहिती मिळवायची, शंका काढायच्या, बाहेरचा जाणकार बोलवायचा. निर्णय ग्रामसभेत व्हायचा आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. या विभागणीचे शैक्षणिक मोल वरवर पाहता ध्यानात येत नाही. निर्णयाचा भार नसल्याने अभ्यासगटात चुकीचे बोलण्याची मुभा राहते. परंतु येथील चर्चा उद्या ग्रामसभेत जाणार आहे, याची जाणीव असल्याने ती पोकळही होत नाही. महाविद्यालयीन चर्चासत्रात पहिली मुभा असते, दुसरी जाणीव नसते. अभ्यासिकेत तर दोन्ही नसतात.

या शिस्तीतून काय निष्पन्न झाले ते सर्वश्रुत आहे. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे बांबू हे गौण वनोपज की वृक्ष, हा वाद उभा राहिला. कायद्याच्या व्याख्येतच बांबूचा गौण वनोपजात समावेश होता. प्रश्न ती व्याख्या वाचून तिच्यावर ठाम राहण्याचा होता. २०११ च्या एप्रिलमध्ये वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर निविदा, मोजणी, मजुरीचा हिशेब ही कामे गावाला स्वतः शिकावी लागली. मिलिंद बोकील यांचे 'गोष्ट मेंढा गावाची' (२०१२) हे या वाटचालीवरील महत्त्वाचे मराठी पुस्तक. 'शाळा' ही कादंबरी लिहिणाऱ्या लेखकाला शाळेबाहेरच्या शिक्षणाचीही तितकीच ओढ वाटावी, हा योगायोग नसावा.

तथापि मेंढ्याचा गौरव करताना त्याच्या अनुकूलतेकडे डोळेझाक करणे योग्य नव्हे. जंगल ही सर्वांची सामाईक वस्तू होती. अभ्यासाला विषय शोधावा लागला नाही. गाव लहान, बव्हंशी एकाच समाजाचे. सर्वसहमतीची रीत परंपरेतच रुजलेली. अनसिंगसारख्या गावी यांपैकी काय आहे? जमीन खाजगी, पीक सोयाबीन-तुरीचे, जाती अनेक, भूमिहीनांचे आणि जमीनदारांचे हितसंबंध निराळे. रात्रीच्या बैठकीला मुली येतील काय, हा प्रश्न तर कोणी विचारतही नाही. तेव्हा 'मेंढा करू या' ही घोषणा भाषणापुरतीच राहते.

परंतु सामाईक वस्तू म्हणजे केवळ जंगल, हे गृहीतकही तपासून घेतले पाहिजे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेचे उदाहरण घेता येईल. सोयाबीनची उत्पादनाधारित भरपाई एकट्या शेतकऱ्याच्या नुकसानीवर ठरत नाही. महसूल मंडळाचे सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनापेक्षा किती घटले, यावर ठरते. अनसिंग हे असे एक मंडळ आहे. उंबरठा उत्पादन काढताना मागील ७ वर्षांपैकी सर्वोत्तम ५ वर्षांची सरासरी घेऊन ती जोखीमस्तराने गुणली जाते. चालू हंगामाचा आकडा यादृच्छिक निवडलेल्या शेतांतील पीक कापणी प्रयोगांवरून येतो. अलीकडे उपग्रहाधारित अनुमानालाही त्यात स्थान मिळाले आहे. महाराष्ट्रात २०२५ च्या खरिपात अतिरिक्त जोखमी वगळल्या गेल्या आणि भरपाईची सारी भिस्त या प्रयोगांवर आली. म्हणजे बांध वेगळे असले तरी मंडळातील सर्व विमाधारकांचे नशीब एका आकड्याने जोडलेले आहे. बँकिंग परीक्षेसाठी सरासरी आणि शेकडेवारीची शेकडो उदाहरणे सोडवणारा तरुण हा आकडा कधी पडताळून पाहत नाही, कारण तो कोणत्याही प्रश्नपत्रिकेत येत नाही. हा विषय जातीच्या भिंती पाडील असे नाही, आणि भूमिहीन मजुराला विमा नसतोच. त्याचा अभ्यास रोजगार हमीच्या हजेरीपटापासून सुरू करावा लागेल. एका गावात दोन अभ्यासगट असणे हे अपयश मानण्याचे कारण नाही.

अभ्यासिकेत बसणाऱ्याला दोष देणेही अन्यायाचे ठरेल. कोरडवाहू शेतीच्या अनिश्चिततेपुढे सरकारी नोकरी हा त्याने विचारपूर्वक निवडलेला मार्ग आहे. आक्षेप असलाच तर तो अभ्यासिकेव्यतिरिक्त दुसरी जागा न उभारणाऱ्यांवर आहे, आणि त्यांत महाविद्यालयेही येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतरच्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प व समुदाय सहभागाला श्रेयांक मिळाले, ही संधी खरी. पण प्रश्नावली विभागात तयार होते, गावात भरून घेतली जाते आणि अहवाल पुन्हा विभागात परततो. प्रश्न कोणाचा, याबाबत काही बदललेले नाही. शिवाय वेळापत्रकाची अडचण आहे, जी फारशी कोणी बोलून दाखवीत नाही. सोयाबीनचे पीक कापणी प्रयोग सप्टेंबर-ऑक्टोबरात, सत्र परीक्षेच्या तोंडावर येतात. आणि भरपाईचा निकाल लागेपर्यंत विद्यार्थ्याच्या हाती प्रकल्पाची गुणपत्रिका पडलेली असते.