खांद्यापाशी थांबणारं बोट

बाकावर पन्नास पुंगळ्या ओळीनं उभ्या होत्या. शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी मेणाची चपटी डबी उघडली, अंगठा आणि तर्जनी तिच्यावरून नुसती फिरवली, पहिली पुंगळी उचलली आणि चिमटीत धरून बुडापासून वर एक गिरकी दिली. बोटं खांद्याशी येऊन थांबली. मग पुंगळी प्रेसच्या खाचेत बसली, दांडा खाली आला, वर गेला. सगळं मिळून पाच सेकंद. उत्तर कॅलिफोर्नियातल्या त्या गॅरेजात मी हे पाच सेकंद चाळीस वेळा पाहिले. चांगली कविता पुन्हा पुन्हा वाचताना होतं तसं झालं, दर वेळी आधी न दिसलेलं काहीतरी दिसत गेलं. रसग्रहण करायचं आहे ते याच पाच सेकंदांचं.

अमेरिकेत शिकार करणारे आणि नेमबाजीचा सराव करणारे पुष्कळ लोक झाडलेल्या काडतुसाची पुंगळी फेकून देत नाहीत. गोळी निघून जाते, दारू जळते, बुडातली टोपी एकदाच फुटते, पण पितळ शिल्लक राहतं. त्यात नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी भरली की पुन्हा काडतूस तयार. याला तिथे रिलोडिंग म्हणतात. शेजाऱ्यांचं प्रेस त्याच भागातल्या ओरोव्हिल गावाशी नातं सांगणारं होतं. तिथे फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये ‘आरसीबीएस’ सुरू केली. रॉक चक हा खारीच्या कुळातला, बिळात राहणारा जाडजूड प्राणी. त्याच्या शिकारीच्या गोळ्या दाबून घडवणारं साधन हंटिंग्टन यांनी बनवलं आणि त्या साधनाच्या नावाची आद्याक्षरं म्हणजे आरसीबीएस. त्या गोळ्यांचं आवरणसुद्धा .२२च्या झाडलेल्या पुंगळ्यांतूनच घडवलेलं असायचं. टाकलेलं पितळ पुन्हा दाबून कामाला लावायचं, हा या गावाचा जुना ध्यास दिसतो.

पुंगळ्या .३०-०६ या काडतुसाच्या होत्या. अमेरिकी सैन्यानं ते १९०६ मध्ये स्वीकारलं, नावातले शेवटचे दोन आकडे त्या सालाचे. लांबी ६३ मिलिमीटरच्या थोडी वर, बुडाची कड १२ मिलिमीटर, आणि वर निमुळतं होत गेलेलं पोट साडेसतरा अंशांच्या उतारानं एकदम मानेकडे वळतं. हा उतार म्हणजे खांदा. बूड, पोट, खांदा, मान, तोंड, असं सगळं आपल्या घागरीसारखंच. धातू आहे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. पातळ पत्र्यातून ओढून ओढून पेल्यासारखं खोल करत न्यावं, तरी फाटू नये, असा गुण या प्रमाणात असतो.

बार उडतो तेव्हा आतला दाब दर चौरस इंचाला ६० हजार पौंडांपर्यंत चढतो. त्या क्षणी पुंगळी फुगून रायफलच्या पोलादी घराला घट्ट चिकटते आणि वायूला मागे येऊ देत नाही. दाब ओसरला की ती किंचित आकसते, म्हणून बाहेर निघते. पण मूळ मापावर ती परतत नाही. झाडल्या गेलेल्या घराचा आकार तिच्या अंगावर राहतो. पुढचं काडतूस कुठल्याही घरात सहज बसायला हवं असेल, तर तिला पुन्हा मापात आणावं लागतं. त्यासाठी पोलादी डाय. डायचं पोट पुंगळीपेक्षा अरुंद, आणि पितळ दाब सुटल्यावर थोडं उसळतं म्हणून जितकं हवं त्याहूनही जरासं अरुंद. दांड्याच्या जोरावर पितळाला त्या पोटात शिरावं लागतं.

इथे वंगण येतं. कोरडं पितळ कोरड्या पोलादावरून एवढ्या दाबानं सरकवायला गेलं तर ते सरकत नाही, चिकटतं. पितळाचे कण डायच्या भिंतीला धरून बसतात आणि पुढच्या प्रत्येक पुंगळीवर उभा ओरखडा उठवतात. त्याहून वाईट म्हणजे पुंगळी आतच अडकते. दांडा ओढावा तर बुडाची कड फाटून हातात येते आणि उरलेलं पितळ डायमध्ये बुचासारखं राहतं. मग बुडात भोक पाडायचं, आटे पाडायचे, त्यात बोल्ट फिरवायचा आणि त्या बोल्टनं इंचाइंचानं पुंगळी खेचून काढायची. एका बोटाच्या पुसट फेऱ्यानं हे सगळं टळतं.

त्या डबीला जो वास होता तो मला ओळखीचा वाटला. नव्या घोंगडीत नाक खुपसलं की येतो त्या जातीचा. या कामाच्या कित्येक वंगणांत लॅनोलिन असतं. मेंढीच्या लोकरीवर तिच्या कातडीतून पाझरणारं हे मेण, लोकर धुताना वेगळं निघतं. काही जण ते अल्कोहोलमध्ये विरघळवून पुंगळ्यांवर फवारतात. अल्कोहोल उडून जातं आणि अंगावर नुसता साय धरल्यासारखा थर उरतो. यंत्रात घालायचं पातळ तेल इथे टिकत नाही. दोन धातू एकमेकांवर इतके जोरात रेटले जातात की ते मधून पिळून निघून जातं. मेण जागा सोडत नाही. पावसात मेंढीला कोरडं ठेवणारा हा पदार्थ पोलाद आणि पितळ यांच्यामध्ये उभा राहून दोघांना एकमेकांना शिवू देत नाही, ही कल्पना मला आजही मोहवते. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांसाठी टंगस्टन कार्बाइडचे डाय निघाले, त्यांना वंगण लागत नाही. पण खांदा असलेल्या पुंगळीला त्यातून सुटका नाही.

आणि या कृतीचा सगळा रस खांद्यातच आहे. पोटावर वंगण हवं, कारण घासणं तिथे होतं. खांद्यावर नको. खांदा डायच्या तळाशी जाऊन टेकतो, तिथे वंगण साचलं तर त्याला जायला वाट राहत नाही. हवा निसटावी म्हणून डायला बारीक छिद्र असतं, पण दाट मेण तिथपर्यंत वेळेत पोहोचत नाही. द्रव दाबला जात नाही, दबतं ते पितळ. पुंगळी बाहेर येते तेव्हा खांद्यावर नखानं दाबल्यासारखा खळगा असतो. शेजाऱ्यांची बोटं दर वेळी जिथे थांबत होती ते ठिकाण म्हणजे या ओळीतला यती. छंदात यती चुकला की अक्षरं बरोबर असूनही ओळ मोडते. इथेही वंगण तेच, हात तोच, आणि बोट तीन मिलिमीटर पुढे गेलं की काम बिघडतं.

मानेचं वेगळंच. डायच्या मधोमध एक दांडी असते आणि तिच्यावर एक गोल गाठ. डाय मानेला आधी जास्तच आवळतो, आणि परत येताना ती गाठ आतून मानेला हव्या त्या मापापर्यंत उघडते. म्हणजे मानेला आतूनही काहीतरी हवं. पण आत मेण लावलं तर ते दारूला लागेल आणि दारू बिघडेल. म्हणून आत फक्त कोरडं, ग्राफाइट किंवा अभ्रकाची भुकटी, बारीक ब्रशनं लावलेली. ते विसरलं की दांडा वर जाताना पितळ कुरकुरतं. त्या आवाजाची एकदा सवय झाली की डोळे मिटूनही सांगता येतं कोणत्या पुंगळीची मान कोरडी राहिली. दांड्यावरच्या हाताला तर सगळंच कळतं. सुरुवातीला पोकळी, मग पोटाला लागणारा मऊ, सलग अडथळा, आणि शेवटी खांदा टेकल्याचा ठाम स्पर्श. वंगण बरोबर असेल तर हा अडथळा कुठेही हिसका देत नाही.

काडतूस आणि चरबी हे दोन शब्द शेजारी आले की मराठी वाचकाच्या मनात १८५७ उभं राहतं, ते राहणारच. ती काडतुसं कागदी होती. एनफिल्ड रायफलच्या नळीतून गोळी नीट उतरावी म्हणून कागदाला चरबी लावलेली असायची, आणि तो कागद दातांनी फाडायचा होता. शिपायाच्या तोंडाशी येणारं वंगण कोणत्या जनावराचं, हे त्याला न विचारता ठरवण्यात आलं. इथलं वंगण पितळाच्या बाहेर राहतं आणि काडतूस भरण्याआधी पुसून टाकलं जातं. तरी वंगण म्हणजे निव्वळ तांत्रिक बाब, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पितळ आणि आपला देश यांचं आणखी एक नातं आहे आणि ते या बाकावरही पोहोचलेलं असतं. ब्रिटिश सैन्याची काडतुसं इथे पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये ठेवली जात. पावसाळा सरल्यावर बाहेर काढली की कित्येकांच्या माना तडकलेल्या. ऋतूमुळे तडकतं म्हणून इंग्रजीत त्या दोषाला ऋतूचंच नाव पडलं. खरं कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी मांडलं. ओढून घडवलेल्या पितळात ताण कोंडलेला असतो, आणि घोड्याच्या मुतातून उठणारा अमोनिया नेमक्या त्या ताणलेल्या जागी धातू खातो. म्हणून आज जाणकार पुंगळ्या चकचकीत करताना अमोनियाचं पॉलिश वापरत नाहीत. दर वेळी डायमध्ये आवळल्यावरही पितळ कडक होत जातं. काही फेऱ्यांनंतर फक्त मान आणि खांदा तापवून मऊ करतात. बूड तापू द्यायचं नाही, कारण दाब पेलायला ते कडकच हवं. लष्करी पुंगळीच्या मानेवर निळसर-तपकिरी झाक दिसते ती कारखान्यात दिलेल्या तापाची. बाजारात विकायच्या पुंगळ्यांवरून ती घासून काढतात, मला मात्र ती ठेवलेलीच आवडते.

आमच्या पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, म्हणून मी शेजाऱ्यांना विचारलं, जुन्या .३०३च्या लष्करी पुंगळ्या अशाच भरता येतील का. त्यांनी मान हलवली. ब्रिटिश लष्करी .३०३मध्ये बर्डन पद्धतीची टोपी असते, बुडात मधला उंचवटा आणि बाजूला दोन बारीक छिद्रं. जुनी टोपी ढकलून काढणारी डायची सुई मधोमध उतरते, तिथे उंचवट्यावर आपटून मोडते. बॉक्सर पद्धतीत एकच भोक मध्यावर, सुई थेट पार जाते. बर्डन अमेरिकी आणि बॉक्सर इंग्रज, आणि दोघांच्या टोप्यांनी आपापला देश सोडून दुसऱ्याचा धरला.

पन्नास पुंगळ्या झाल्यावर पुसण्याचं काम सुरू झालं, आणि तिथे शेजारी आधीपेक्षा जास्त काटेकोर होते. बार उडताना पुंगळीनं घराच्या भिंतीला धरून ठेवायचं असतं. अंगावर मेण राहिलं तर ती धरत नाही आणि मागच्या बोल्टवर येणारा धक्का वाढतो. याच्या नेमकं उलट जॉन पेडरसन यांनी केलं होतं. त्यांच्या .२७६च्या अर्धस्वयंचलित रायफलमध्ये दाब पुरता उतरण्याआधीच पुंगळी बाहेर निघायला लागायची, म्हणून तिच्यावर मुद्दाम कोरड्या मेणाचा थर दिलेला असे. अमेरिकी सैन्यानं शेवटी १९३६ मध्ये जॉन गॅरँड यांची रायफल घेतली, तिला अशा मेणाची गरज नव्हती.

शेवटच्या दहा पुंगळ्या त्यांनी माझ्याकडे दिल्या होत्या. पहिलीला मी मनापासून मेण लावलं, मानेपर्यंत. दांडा छान उतरला. पुंगळी बाहेर आली ती खांद्यावर दोन खळगे घेऊन. शेजाऱ्यांनी ती उजेडात फिरवून पाहिली, माझं बोट धरून आपल्या फडक्याला पुसलं आणि उरलेला पुसट ओलावा दाखवत म्हणाले, एवढंच. ती पुंगळी मी कचऱ्याच्या डब्याकडे नेत होतो. त्यांनी काढून घेतली. खळगे उथळ होते, पुढच्या बारात आतून दाब आला की ते आपोआप भरून निघतात. त्यांनी ती कोरड्या कापडानं पुसली आणि बाकीच्यांच्या ओळीत, तिच्या जागी, उभी केली.