दुर्मीळ पुस्तक, रद्दीचा भाव

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात खाडीच्या बाजूनं चालत गेलात, तर फाटकं जाळं पायांवर पसरून बसलेली माणसं दिसतात. सुईवर नायलॉनचा दोरा, एक गाठ, मग तिच्या शेजारी दुसरी. युरोपात 'फिले' नावाची एक लेस असते, तिची जाळी याच गाठीनं बांधतात. दोरा बारीक आणि सुई लहान, फरक तेवढाच. थेरेज द डिलमाँ या ऑस्ट्रियन बाईंच्या १८८६च्या विणकामकोशातली चित्रं पाहताना हे माझ्या लक्षात आलं. मग लेसवरची आणखी पुस्तकं शोधायला गेले आणि किमती बघून फोन खाली ठेवला.

शंभर वर्षांपूर्वीची नव्हे, चाळीसेक वर्षांपूर्वीची साधी इंग्रजी पुस्तकं. वापरलेली, कोपरे दुमडलेली. किंमत हजारांत, वर परदेशातून यायचा टपालखर्च वेगळा. एवढं काय असतं त्यांत?

असतो तो आराखडा. बॉबिनवरची लेस करताना उशीवर नक्षीचा कागद लावतात, त्यावरच्या टिंबांत टाचण्या टोचतात आणि लाकडी बॉबिनांवर गुंडाळलेले दोरे त्यांच्याभोवती फिरवतात. टिंब चुकलं की नक्षी चुकली. हात कसा फिरतो, हे व्हिडिओत पुस्तकापेक्षा चांगलं कळतं. पण समोर ठेवून, मोजून, चार महिने काम करायचं तर कागदच लागतो. अशी पुस्तकं थोड्या प्रती काढून छापली जातात आणि संपली की बहुधा पुन्हा निघत नाहीत. घेणारे मोजके, पण हट्टी. भाव चढायला एवढं पुरतं.

तरीही पडद्यावरचा आकडा म्हणजे किंमत, असं समजू नका. २०११मध्ये 'द मेकिंग ऑफ अ फ्लाय' हे माश्यांच्या जीवशास्त्रावरचं १९९२चं पुस्तक अॅमेझॉनवर दोन कोटी छत्तीस लाख डॉलरांच्या वर गेलं होतं. एका विक्रेत्याचा संगणक दुसऱ्याच्या भावापेक्षा किंचित कमी भाव लावत होता, तर दुसऱ्याचा संगणक पहिल्याच्या सव्वापट. दोघं एकमेकांकडे बघत शिडी चढत राहिले. पुस्तक कुणी घेतलंच नाही. दुर्मीळ पुस्तकांच्या बाजारात 'मागितलेला भाव' आणि 'मिळालेला भाव' यांत असं अंतर असू शकतं. विक्रेत्याला नुसतं लोभी म्हणण्यातही अर्थ नाही. वीस वर्षं त्यानं ती प्रत फळीवर ठेवली, म्हणून ती आज आहे.

खरा दोष टंचाईचा आहे, आणि ही टंचाई आपोआप आलेली नाही. डिलमाँबाई १८९०मध्ये वारल्या. त्यांचं पुस्तक हक्कमुक्त आहे, चित्रांसकट गुटेनबर्ग प्रकल्पावर फुकट मिळतं. एकशे चाळीस वर्षांचं पुस्तक फुकट आणि चाळीस वर्षांचं परवडत नाही! आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. १९९२पर्यंत पन्नास होती, रवींद्रनाथांच्या साहित्यासाठी ती दहानं वाढवली. रवींद्रनाथांची पुस्तकं त्या वाढीव काळातही छापली जातच होती. पण जे पुस्तक कुणी छापतही नाही आणि छापूही देत नाही, त्याच्यासाठी ती दहा वर्षं म्हणजे नुसतं कुलूप.

आता आपल्या घरात या. रुखवतात क्रोशाचे रुमाल, तोरणं, टीव्हीवरचं झाकण मांडलेलं तुम्ही पाहिलं असेल. ते शिकवणारी मराठी पुस्तकंही होती. स्वस्त कागद, हातानं काढलेल्या आकृत्या, समासात कुणा काकूनं पेन्सिलीनं दुरुस्त केलेले टाके. ती महाग झाली आहेत का? नाही. ती किलोवर गेली. इंग्रजी पुस्तकाला निदान हजारांचा भाव मागायला कुणीतरी उरला. महाग होणं हाही एक मान असतो, तो आपल्या पुस्तकांच्या वाट्याला आलाच नाही.

का आला नाही, याचं उत्तर लेसवरच्याच एका पुस्तकात सापडतं. मारिया मीस यांचं 'द लेसमेकर्स ऑफ नरसापूर' १९८२मध्ये आलं. आंध्रातल्या गोदावरीच्या मुखाजवळच्या नरसापुरात क्रोशाची लेस विणणाऱ्या बायकांचा माल परदेशी जात होता. पण विणणारी कामगार ठरत नव्हती. ती गृहिणी, आणि विणणं हा तिचा फावल्या वेळेचा उद्योग. या एका शब्दावर तिची मजुरी तळाशी राहिली, हे मीस दाखवतात. हे पुस्तक लेस विणायला शिकवत नाही, पण लेस वाचायला शिकवतं. त्याची मर्यादा एवढीच की बोटांतल्या ज्ञानापाशी ते फार रेंगाळत नाही. विणणारीचं शोषण दिसतं, तिचं कसब तेवढं दिसत नाही. माझं म्हणणं त्यांच्याच युक्तिवादाचं पुढचं पाऊल आहे: जे काम फावल्या वेळेचं, त्याचं पुस्तकही फावल्या वेळेचं. कवितासंग्रहाला कपाट मिळतं, टाक्यांच्या पुस्तकाला रद्दीवाला.

मग पैसे नसलेल्या, पण विणायला निघालेल्या मुलीनं काय करायचं? चोरट्या पीडीएफचा सल्ला मी देणार नाही. थोड्या प्रतींवर जगणाऱ्या हयात लेखिकेचं त्यात खरंच नुकसान होतं. पण कायद्यात एक दार आहे, ते कुणी फारसं उघडत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२नुसार, भारतात विक्रीला नसलेल्या पुस्तकाच्या तीन प्रती बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी करता येतात. २०१२च्या दुरुस्तीनं, संग्रहात असलेलं पुस्तक जतनासाठी डिजिटल करायलाही मुभा दिली. म्हणजे एका घरातली एक जीर्ण प्रत जवळच्या वाचनालयात पोचली, तर ती एका घराची उरत नाही. त्यासाठी ग्रंथपालाला ते पुस्तक 'पुस्तक' वाटायला हवं, आणि त्याआधी आपल्याला.

जाळं विणणाऱ्या माणसाला पुस्तक लागलं नाही, कारण शेजारी बाप बसलेला होता. ज्यांच्या शेजारी आता कुणी बसलेलं नाही, त्यांना कागद लागतो. आईच्या कपाटात तसं एखादं पुस्तक असेल तर आज काढून बघा. आणि समासातल्या पेन्सिलीच्या खुणा पुसू नका, त्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीच्या आहेत.