बाटलीवरील शब्द आणि बाटलीतील पाणी : नैतिक निवडीच्या परिभाषेची एक चिकित्सा

महानगरांतील मद्यविक्रीच्या दुकानांत 'अल्प-अल्कोहोल', 'व्हीगन', 'क्राफ्ट', 'स्वतंत्र ब्रुअरी', 'शाश्वत निर्मिती' अशी विशेषणे धारण करणाऱ्या बिअरच्या बाटल्या अलीकडे दिसू लागल्या आहेत. पुण्यात नोकरीस असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने अशाच काही लेबलांची छायाचित्रे पाठवून 'यांतली कोणती निवडावी?' असा प्रश्न केला. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे विस्तारित उत्तर होय. मद्यपानाचे समर्थन वा निषेध हा येथे हेतू नाही. लेबल ही एक संहिता आहे. ती ग्राहकाला वस्तूविषयी थोडे आणि त्याच्या स्वतःच्या चांगुलपणाविषयी बरेच काही सांगते. जालन्यासारख्या जिल्ह्यात बसून ती वाचली असता तिच्यात काय लिहिलेले नाही, हे विशेषत्वाने जाणवते.

'व्हीगन' या शब्दापासून प्रारंभ करू. पाणी, जव, हॉप्स आणि यीस्ट या चार घटकांच्या पेयात प्राणिजन्य असे काय असणार, असा प्रश्न सामान्य वाचकास पडेल. उत्तर निर्मितीप्रक्रियेत आहे. ब्रिटिश पिंपातील एल निवळण्यासाठी माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीपासून केलेला आयसिंग्लास हा पदार्थ दीर्घकाळ वापरला गेला. या व्यापाराचा संबंध आपल्या किनाऱ्याशीही येतो. जॉन फोर्ब्स रॉयल यांनी १८४२ मध्ये भारतीय किनाऱ्यांवरील आयसिंग्लास-उत्पादनावर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. आयर्लंडच्या गिनेस कंपनीने आयसिंग्लासचा त्याग करण्याची घोषणा २०१५ मध्ये केली. याखेरीज काही बिअरमध्ये मध, तर 'मिल्क स्टाउट'मध्ये दुग्धशर्करा असते.

आपल्याकडे अन्नपदार्थांच्या वेष्टनावर शाकाहारी-मांसाहारी चिन्ह सक्तीचे आहे. परंतु अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनी मद्याला त्यातून वगळले आहे. त्यामुळे बिस्किटाच्या पुड्यावर जे कळते ते बिअरच्या बाटलीवर कळत नाही. २०२२ च्या व्हीगन अन्नविषयक नियमांत मात्र प्रक्रियेत वापरलेल्या साहाय्यक पदार्थांचाही विचार आहे, ही स्वागतार्ह बाब होय. तथापि येथे एक विसंगती नोंदवावी लागते. मोठ्या कारखान्यांतील लागर बिअर यांत्रिक गाळणीतून जात असल्याने बहुधा आयसिंग्लासविना तयार होते, तर परंपरेचा अभिमान मिरवणाऱ्या एलमध्येच त्याचा वापर होत आला. म्हणजे 'व्हीगन' हा लहान निर्मात्याचा खास गुण नव्हे. न गाळलेली, गढूळ दिसणारी, मध-दूध नसलेली बिअर घेतली तर हा प्रश्न बराचसा सुटतो.

सांस्कृतिक अंगाने पाहता हा शब्द आपल्या भाषेत अवघडलेलाच राहतो. आपल्याकडे माळ घातलेला मनुष्य मांस आणि मद्य एकाच वेळी सोडतो. त्याच्या व्रतात प्राण्यावरची दया आणि स्वतःवरचा संयम वेगळे काढता येत नाहीत. 'व्हीगन बिअर' या शब्दप्रयोगाने ही जोडी फोडली आहे. त्यात गैर काही नाही; मात्र व्रताचे पुण्य व्रताशिवाय मिळते, असा जो सूर लेबलावर उमटतो तो तपासावयास हवा.

'क्राफ्ट' आणि 'स्वतंत्र' या शब्दांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. अमेरिकेत तेथील निर्मात्यांच्या संघटनेने आकार व मालकी यांचे निकष ठरविले आहेत. आपल्याकडे कायद्याने त्यांचा अर्थ निश्चित केलेला नाही. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली डूलाली ही या चळवळीची आपल्याकडील आरंभीची खूण. (देवळाली छावणीच्या नावाचा गोऱ्या सैनिकांनी केलेला अपभ्रंश इंग्रजीत 'वेडसर' या अर्थाने रूढ झाला आणि तोच महाराष्ट्रात बिअरचे नाव होऊन परतला, ही गंमत भाषाभ्यासकांनी टिपून ठेवावी.) याउलट क्राफ्ट म्हणून ओळख मिळविलेली बिरा ९१ ही बिअर २०१५ मध्ये आली ती बेल्जियममध्ये तयार होऊन, आणि २०२१ मध्ये तिच्यात किरीन या जपानी कंपनीचे भांडवल आले. चव यामुळे बिघडते असे नाही. 'स्वतंत्र' हे विशेषण मालकीविषयी आहे, आणि मालकी लेबलावर दिसत नाही, एवढेच.

'अल्प-अल्कोहोल' हा शब्द या सर्वांत अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल, कारण त्याच्यामागे आकडा असतो. भारतीय मानकांनुसार ५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली बिअर सौम्य आणि त्यावरील ८ टक्क्यांपर्यंतची तीव्र समजली जाते. आपल्याकडे प्रचलित असलेली ६५० मिलिलिटरची ८ टक्क्यांची बाटली सुमारे ४१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात घालते. ३३० मिलिलिटरची अडीच टक्क्यांची बाटली घेतली तर ते प्रमाण साडेसहा ग्रॅमवर येते. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले असले तरी साडेसहा आणि एकेचाळीस यांतील अंतर खरे आहे. मात्र अल्कोहोल कमी कसे केले, हेही विचारले पाहिजे. मुळातच कमी माल्ट वापरून बिअर केली असेल तर धान्य वाचते. पूर्ण तीव्रतेची बिअर करून मग निर्वात ऊर्ध्वपातनाने वा पटलाद्वारे अल्कोहोल काढून घेतले असेल तर ऊर्जा अधिक खर्च होते. दोन्ही बाटल्यांवर आकडा तोच येतो.

आता 'शाश्वत' या शब्दाकडे वळू. कारखान्यात एक लिटर बिअर तयार करण्यासाठी साधारणतः तीन ते सात लिटर पाणी लागते; जवाच्या शेतीचे पाणी यात धरलेले नाही. कार्यक्षम मोठे कारखाने तीनच्या आसपास पोहोचले आहेत. लहान ब्रुअरींत मात्र धुण्याचे व थंड करण्याचे पाणी थोड्या उत्पादनावर विभागले जात असल्याने हे प्रमाण अनेकदा सातच्याही पुढे जाते. लहान, स्वतंत्र आणि शाश्वत हे तीन शब्द लेबलावर सख्ख्या भावंडांसारखे उभे असतात. पाण्याच्या हिशेबात त्यांचे पटत नाही. पिंपातून जागच्या जागी विकल्यास काच व वाहतूक वाचते, हे लहान ब्रुअरीच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण हॉप्स बहुतांशी परदेशातून येतात, हेही त्याच जमाखर्चात लिहावे लागेल.

जालन्याच्या वाचकास हा हिशेब समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. जालना शहराची तहान जायकवाडीवरून येणाऱ्या जलवाहिनीवर अवलंबून आहे आणि छत्रपती संभाजीनगर परिसरातील औद्योगिक वसाहतींतील बिअर कारखान्यांना पाणी मिळते तेही जायकवाडीचेच. एप्रिल २०१६ मध्ये, मराठवाडा दुष्काळाने होरपळत असताना, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश दिला. बिअर आणि पिण्याचे पाणी एकाच जलाशयातून येते, ही गोष्ट त्या उन्हाळ्यात न्यायालयाच्या आदेशात लिहावी लागली. ती कोणत्याही लेबलावर आजवर माझ्या पाहण्यात आलेली नाही.

निवडीचा आणखी एक प्रकार आपल्या परिचयाचा आहे. २००८ च्या नियमांनुसार गावातील महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीस कौल दिला तर दारूचे दुकान बंद होते. तेथे कोणती बाटली चांगली, हा प्रश्नच नसतो. बाटली उभी की आडवी, एवढेच ठरते, आणि तेही सर्वांसाठी. मतदानास न आलेल्या स्त्रीचे मत व्यवहारात उभ्या बाटलीला मिळते. दुकानात लेबल वाचणारा ग्राहक एकटा असतो; त्याच्या निवडीने दुकान, कारखाना वा धरण यांपैकी काहीही हलत नाही. या दोन निवडी एकमेकींना पर्याय नाहीत, हे मान्य केले तरी पहिलीच्या शेजारी ठेवल्यावर दुसरीचा नैतिक आवेश काहीसा फुगीर वाटतो.

विद्यार्थ्यास मी कळविले ते असे : प्रथम अल्कोहोलचा आकडा पाहावा व लहान बाटली घ्यावी, 'व्हीगन' शब्दाऐवजी घटक वाचावेत, 'क्राफ्ट' या शब्दासाठी जादा पैसे देऊ नयेत, आणि निर्मात्यास तीन प्रश्न लेखी विचारावेत. बिअर कशाने निवळता, अल्कोहोल कोणत्या पद्धतीने कमी करता, आणि एका लिटरमागे किती पाणी वापरता? त्याने एका ब्रुअरीस पत्र धाडले. पहिल्या दोन प्रश्नांची सविस्तर, सौजन्यपूर्ण उत्तरे आली. तिसऱ्यासाठी त्यांनी आपल्या शाश्वतताविषयक धोरणाचे माहितीपत्रक जोडले होते. त्यात झाडांची संख्या होती, पाण्याची नव्हती.