पाटणचा शिलालेख : दोन भाषा, एक नगर

चाळीसगावच्या नैर्ऋत्येस दहा-बारा मैलांवर, सातमाळा-अजिंठा रांगेच्या पायथ्याशी पाटणादेवीचे देऊळ आहे. तेथील शके ११२८ चा (इ. स. १२०७) शिलालेख अभ्यासकांना नवा नाही. डॉ. भाऊ दाजी यांनी १८६५ साली तो विद्वानांपुढे आणला; कीलहॉर्न यांनी १८९२ साली ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात त्याचे साक्षेपी संपादन केले; आणि शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या १९६३ सालच्या संग्रहाने त्यातील मराठी भाग विद्यार्थ्यांच्या हाती दिला. इतके हात लागलेल्या लेखाविषयी आणखी लिहावयाचे ते त्याच्या वाचनाच्या पद्धतीविषयी. हा लेख आजवर बहुधा दोन तुकडे करून वाचला गेला आहे. ज्योतिषाच्या इतिहासकाराने संस्कृत श्लोक घ्यावेत आणि भाषेच्या अभ्यासकाने शेवटच्या काही मराठी ओळी घ्याव्यात, अशी जणू वाटणीच झालेली आहे. या वाटणीमुळे लेखाचा जो खरा विषय, म्हणजे एका नगराने एका मठाचा भार कसा उचलला, तो दोघांच्याही हातून निसटतो, असे मला वाटते.

प्रथम संस्कृत भाग पाहू. त्यात देवगिरीच्या यादवांची प्रशस्ती आहे. भिल्लम, जैत्रपाल आणि सिंघण हे तिचे नायक. त्यानंतर पाटण ज्यांच्या अंमलाखाली होते त्या निकुंभवंशीय मांडलिकांचे, विशेषतः सोइदेव आणि त्याचा धाकटा भाऊ हेमाडिदेव यांचे वर्णन येते. मग येते ती सुप्रसिद्ध वंशावळ : त्रिविक्रम, भोजाकडून विद्यापती ही पदवी मिळविलेला भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, ‘सिद्धांतशिरोमणी’चा कर्ता भास्कराचार्य, त्याचा पुत्र लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव. हा चांगदेव सिंघणाचा प्रमुख ज्योतिषी. आजोबांच्या आणि कुळातील इतर विद्वानांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने पाटणला मठ काढला.

या श्लोकांवर अपेक्षेपेक्षा अधिक भार टाकला जातो. लक्ष्मीधराला जैत्रपालाने ‘या पुरातून’ नेले आणि पंडितांचा अग्रणी केले, असे श्लोक म्हणतो. तेथील ‘पुरादतः’ या एका पदावर भास्कराचार्याचे जन्मग्राम पाटणच, असा निष्कर्ष उभारलेला अनेक ठिकाणी आढळतो. भास्कराचार्याचा जन्म शके १०३६ चा (इ. स. १११४), आपला निवास सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या विज्जडविड या नगरी होता, असे तो स्वतः सांगतो. पद सांगते ते लक्ष्मीधराविषयी, आणि तेही त्याला दरबारी बोलावले त्या वेळच्या वास्तव्याविषयी. पित्याच्या जन्मस्थानाविषयी त्या पदाला काही विचारू नये. चाळीसगावकरांचा अभिमान मी समजू शकतो. माझ्या वर्गात दरवर्षी हा प्रश्न हटकून निघतो आणि माझ्या उत्तराने दरवर्षी काही विद्यार्थी नाराज होतात.

आता भाषापालटाकडे वळू. तिथी, चंद्रग्रहणाचे पर्व, सोइदेवाने सर्व जनांच्या सन्निध हातावर उदक सोडून दिलेले दान, एवढे संस्कृतात सांगून झाल्यावर लेख मराठीवर येतो. येथपासून राजे आणि पंडित थांबतात आणि बाजार सुरू होतो. ‘केणें’ म्हणजे विकावयाचा माल. ‘आउ’ म्हणजे आय, उत्पन्नाचा हक्क. ‘ग्राहक’ आणि विकणारा. ‘दाम’, ‘पोफळी’, बैल, ‘घाणे’, ‘लोटी’, ‘पळी’, ‘माप’, ‘सूंक’. यातले ‘केणें’ आपण विसरलो; ‘सूंक’ हे शुल्काचे रूप मराठीत जकातीपुढे टिकले नाही, कानडीत मात्र राहिले. घाणा, माप आणि तेलाची पळी यांना आजही कोशाची गरज पडत नाही.

या ओळींचे नेहमीचे वर्णन असे की, संस्कृत ही राजा-पंडितांची भाषा आणि मराठी ही लोकांची. म्हणून मराठी भागात आपल्याला सामान्य माणसाचा आवाज ऐकू येतो. हे वर्णन मला अर्धेच मान्य आहे. सामान्य माणूस येथे दिसतो, यात शंका नाही. परंतु तो बोलत नाही. एकाही व्यापाऱ्याचे, एकाही घाणेवाल्याचे नाव या ओळींत नाही. पंढरपूरचा चौऱ्यांशीचा लेख (शके ११९५ पासून पुढे) याच्याशी ताडून पाहावा. तेथे विठ्ठलाला देणगी देणाऱ्यांची नावे आणि त्यांनी दिलेली रक्कम यांची नोंद आहे. माणूस दाता म्हणून, नावानिशी, उभा आहे. पाटणला नावे संस्कृतात आहेत. मराठीत आहेत ती कामे. ही भाषा अत्यंत नेमकी आहे, शब्दांचे अर्थ मुरलेले आहेत, एक शब्द फाजील नाही. ही कारकुनाची, चावडीची मराठी होय. तिला लोकवाणी म्हणणे हे तिच्या गुणाकडे दुर्लक्ष करणे आहे.

तिचा गुण कोठे आहे ते व्याकरणात पाहावे. एकाच विक्रीवर दोन हक्क होते, असे लेखावरून दिसते. ग्राहकाकडून मिळणारा हक्क राउळाचा, म्हणजे राजाचा. विकणाऱ्याकडून मिळणारे ‘ब्रह्मोत्तर’ ब्राह्मणांचे. दोन्ही मठाला दिले गेले. पण वाक्यांची घडण एकसारखी नाही. राउळाचा जो हक्क होता तो मठाला ‘दीन्हला’, एवढेच वाक्य म्हणते. देणारा कर्ता त्या वाक्यात नाही. तो आधीच संस्कृतात, हातावर पाणी सोडून, येऊन गेला आहे. ब्राह्मणांचे दान मात्र ‘ब्राह्मणीं’ दिले, अशी तृतीया वापरून कर्ता सांगितला आहे. आणि त्यानंतर येतो तो या लेखातील माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा शब्द : ‘नगरें’. दामाचा विसोवा, म्हणजे विसावा भाग, मठाला नगराने दिला. तो घ्यावयाचा ग्राहकाकडून, ‘आसूपाठी’. आसू हे अश्वाचे रूप मानले तर दर घोड्यामागे.

नगर येथे स्थळ नाही, दाता आहे. राजाने आपला हक्क दिला, ब्राह्मणांनी आपला दिला, आणि नगराने आपला दिला. द्यावयाचे तर आधी आपले असावे लागते. म्हणजे पाटणच्या नगराला स्वतःचा असा एक हक्क होता आणि तो सोडण्याचा निर्णय घेऊ शकेल अशी काही सामुदायिक व्यवस्था होती. तिचे स्वरूप कसे होते, त्यात कोण बसत, हे या तृतीयेवरून ठरविता येणार नाही. तथापि याच लोकांना संस्कृत भागात काय स्थान मिळाले आहे ते पाहण्यासारखे आहे. तेथे ‘सर्व जन’ दानाच्या वेळी सन्निध आहेत, साक्षीला उभे आहेत. संस्कृतातला साक्षीदार मराठीत कर्ता झाला आहे. हे केवळ मराठी भाग वाचणाऱ्याच्या लक्षात येणार नाही, आणि केवळ श्लोक वाचणाऱ्याच्या तर नाहीच नाही.

मात्र येथेच एक सावधगिरी हवी. तेलाविषयीच्या वाक्यांत हे कर्तृत्व पुन्हा नाहीसे होते. पहिल्या घाण्याची लोटी मठाला दिली. कोणी दिली ते नाही. आणि पुढे, जितके घाणे चालतील तितक्यांमागे एकेक पळी तेल. तेथे तर दिल्याचे क्रियापदही नाही. काही लेखनांत याचा उल्लेख ‘तेल्यांचे दान’ असा केलेला माझ्या पाहण्यात आहे. लेखात तेली हा शब्दच नाही. घाणा आहे, घाण्याचा धनी नाही. त्याने ही पळी आनंदाने घातली की कोणी त्याच्यावतीने कबूल केली, हे वाक्य सांगत नाही. आपणही त्याच्या पदरी भक्ती बांधू नये. उलट ‘जितके चालतील तितके’ ही रचना नीट पाहावी. कारकुनाने घाणे मोजलेले नाहीत. उद्या नवा घाणा बसला, तर त्याचीही पळी मठाला यावी, अशी ती तरतूद आहे. पळीभर तेल अल्प खरे, पण मठात रात्री ग्रंथ वाचला जायचा तर तो या तेलावरच.

मापाची तरतूद याहून मोठी आहे. जे काही मापावयाचे ते मठाच्या मापाने मापावे. मापणावळ अर्धी मठाची, अर्धी ‘मापहारी’ची. सबंध मराठी भागात घेणारा आणि विकणारा सोडले, तर धंद्याने ओळखला जाणारा माणूस हा एकच, आणि काही मिळणाराही हा एकच. बाकी सर्वांकडून मठ घेतो. मापाऱ्याशी मात्र तो निम्मे वाटून घेतो. धान्याच्या राशीपाशी बसलेला हा माणूस बाजूला ठेवून मठाचे उत्पन्न गोळा होऊ शकत नव्हते, हे कारकुनाला पक्के ठाऊक असावे. ज्या मठात ग्रहगणित शिकविले जाई, त्याचेच माप बाजारात प्रमाण झाले, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. भास्कराचार्याची ‘लीलावती’ उघडली की आरंभीच नाणी, वजने आणि मापे यांच्या परिभाषा येतात : २० वराटकांची १ काकिणी, ४ काकिणींचा १ पण, १६ पणांचा १ द्रम्म. याच द्रम्माचा बाजारात दाम झाला. लीलावतीच्या कोष्टकाने हिशेब केला तर द्रम्माच्या १,२८० कवड्या, आणि त्याचा विसोवा ६४ कवड्यांचा, म्हणजे ३ काकिणी आणि ४ कवड्या. पाटणच्या पेठेत हाच दर चालत होता असा माझा दावा नाही. कोष्टकातला दर आणि पेठेतला दर यांचे नेहमीच जुळते असे नाही. पण मठातला विद्यार्थी पहिल्या दिवशी जे पाठ करी, त्याच अपूर्णांकावर त्याचे जेवण येत होते, एवढे म्हणता येईल.

आता भाषेच्या प्रदेशाविषयी. चाळीसगाव हा अहिराणीचा मुलूख, म्हणून या ओळी जुन्या अहिराणीचा नमुना मानाव्यात, असे अधूनमधून सुचविले जाते. ‘दीन्ह’ या धातुरूपाकडे पाहून तसा मोह होतो खरा, कारण अहिराणीत ‘दिन्हा’ आजही आहे. परंतु अहिराणीत ‘गया’, ‘उना’, ‘दिन्हा’ अशा भूतकालवाचक रूपांत मराठीचा ल-कार नाही. लेखात ‘दीन्हला’, ‘दीन्हली’, ‘दीन्हलें’ असा तो तिन्ही लिंगांत चोख आहे. तेव्हा ही भाषा अहिराणी नव्हे. यादवांच्या राज्यात लिखापढीसाठी रूढ होत असलेली मराठी ती हीच. म्हणजे घाण्यावर आणि धान्याच्या राशीवर जी बोली चालत होती, ती या दगडावर आलीच आहे असे धरून चालता येत नाही. लोकांचा आवाज येथे ऐकू येतो, या मताविरुद्ध हा दुसरा आक्षेप, आणि माझ्या दृष्टीने पहिल्याहून बळकट.

याच परिसरातील दोन लेख येथे जोडून वाचावेत. पाटणच्याच महादेवाच्या देवळातील शके १०७५ चा (इ. स. ११५३) लेख सांगतो की, निकुंभ इंद्रराजाने आरंभिलेले देऊळ त्याच्या पश्चात पत्नी श्रीदेवी हिने, मुलगा गोवन याच्या वतीने राज्य पाहत असता, पुरे केले. गिरणाकाठच्या बहाळ येथील शके ११४४ चा (इ. स. १२२२) लेख भास्कराचार्याच्या भावाच्या शाखेतील अनंतदेवाने देवीचे देऊळ बांधल्याचे सांगतो, हा अनंतदेवही सिंघणाचा ज्योतिषीच. दोन्ही लेख संस्कृतात आहेत. देऊळ बांधून झालेले असते. त्याच्या कर्त्याचे नाव कोरले की काम भागते. पाटणच्या मठाचे तसे नव्हते. शिष्य रोज जेवणार, दिवा रोज लागणार, म्हणून रोज कोणाकडून किती घ्यावयाचे ते सांगणे भाग होते. आणि ज्याच्याकडून घ्यावयाचे त्याला ते वाचून दाखविता येईल अशा भाषेत सांगणे भाग होते. मराठी दगडावर आली ती या गरजेने. लोकभाषेचा गौरव करावा, असा हेतू त्यामागे मला दिसत नाही.

म्हणून पदव्युत्तर वर्गात हा लेख लावताना मराठी ओळी कापून देण्याची पद्धत सोडावी, अशी माझी सूचना आहे. तुळपुळ्यांच्या संग्रहाचा हेतूच मराठी लेख एकत्र करण्याचा होता. त्यांना दोष नाही. पण विद्यार्थ्याने ‘नगरें’ ही तृतीया पाहण्यापूर्वी ‘सर्व जन’ पाहिलेले असावेत, आणि चांगदेवापर्यंतच्या नऊ पिढ्या पाठ करताना मठाच्या मापाला हात लावून बसलेला तो बिननावाचा मापहारीही त्याला ठाऊक असावा. लेखाच्या शेवटी मठाला दिलेल्या जमिनीचाही उल्लेख येतो, चारही शिवा चोख असलेली म्हणून; त्या शिवांचा शोध पाटणच्या रानात कोणी भूगोलाच्या अभ्यासकाने घेतल्यास भाषेच्या विभागालाही त्याचा उपयोग होईल.