दार कोण उघडणार? — ‘एकच प्याला’ पुन्हा वाचताना

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली, त्यांच्या निधनानंतर अवघ्या काही आठवड्यांतच, रंगभूमीवर आले. बालगंधर्वांच्या सिंधूने त्या काळी प्रेक्षकांना रडविले, आणि पुढे शंभर वर्षे ‘दारूचे दुष्परिणाम’ या विषयावर बोलताना आपण याच नाटकाचे बोट धरीत आलो. धर्मग्रामाच्या वार्षिक संमेलनात तळीरामाचा प्रवेश हमखास हशा मिळवितो. आम्हीही प्रबोधनासाठी तो प्रवेश बसवून घेतला आहे. परंतु अलीकडे वाईस हे नाटक पुन्हा वाचताना आम्हांला वाटू लागले की, आपण हसतो आणि रडतो ती स्थळे वेगळी आहेत, आणि आपला न्यायनिवाडा होतो ते स्थळ वेगळे आहे.

ते स्थळ असे. बुद्धिमान वकील सुधाकर सनद गमावतो, दारूत बुडतो, संसाराची राखरांगोळी होते. मग एकदा तो खरोखर सावरतो. मद्यत्यागाचा निश्चय करून तो प्रतिष्ठित मंडळींकडे काम मागावयास जातो. तेथे त्याला मिळतो तो अपमान. ‘दारुडा’ हा शिक्का पुसावयास कोणीच तयार नसते. तो परततो आणि पुन्हा प्याल्याकडे वळतो. पुढे मुलाचा, सिंधूचा आणि त्याचा स्वतःचा अंत अटळ होतो. पहिल्या प्याल्याने सुधाकराला खाली ओढले हे खरे. परंतु त्याचा शेवट निश्चित केला तो बंद दारांनी. गडकऱ्यांची ही दृष्टी अतिशय भेदक आहे. टीकाकारांनी नाटकातील अतिरंजितपणावर पुष्कळ लिहिले आहे आणि ते चुकीचे नाही. पण हा प्रसंग मात्र जराही अतिरंजित नाही.

नाटकाची उणीव आम्हांला दुसरीकडे दिसते. सिंधूच्या निष्ठेला येथे उद्धाराचे एकमेव साधन मानले आहे. ती सोसते, झाकते, क्षमा करते. आज व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणारे सांगतील की, असे झाकणे आजाराला आधारच देते. आणि एकट्या पत्नीच्या खांद्यावर एवढा क्रूस टाकणे हा आमच्या मते भक्तीचा गौरव नव्हे. रामलाल हा सज्जन मित्र. पण त्याच्याजवळ उपदेश आहे, पद्धत नाही.

ही पद्धत पुढे जगाला सापडली. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन येथे दोन मद्यपी एकमेकांना भेटले, आणि ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’चा जन्म झाला. आपण हतबल आहोत हे कबूल करणे, आपल्याहून मोठ्या शक्तीवर भार टाकणे, दोषांची उजळणी करणे, नुकसानभरपाई करणे, आणि दुसऱ्या पीडिताकडे धाव घेणे, असा तो बारा पायऱ्यांचा मार्ग. एडवर्ड डाउलिंग या येशूसंघीय धर्मगुरूंना त्यात संत इग्नेशियसच्या आध्यात्मिक साधनेशी साम्य दिसले. प्रायश्चित्त संस्काराशी परिचित असलेल्या आपल्या वाचकांनाही ते दिसेल.

आपल्याकडे फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्रे येथील माउंट कार्मेल चर्चच्या आवारात ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. ते स्वतः मद्यासक्तीतून बाहेर आलेले, बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. बारा पायऱ्यांना त्यांनी योगासनांची जोड दिली. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ उभे केले. अवचटांचे ‘गर्द’ हे पुस्तक म्हणजे गडकऱ्यांच्या विषयाचे पुढचे पान होय. तेथे सुधाकराच्या जागी तरुण मुले आहेत. घर सुटलेली, पदपथावर आलेली. आमच्या शेजारी साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ‘परिवर्तन’द्वारे हेच काम उभारले. श्रद्धेच्या प्रश्नावर त्यांची आणि आमची वाट वेगळी. तरीही जखमी माणसासाठी थांबणारा शोमरोनी कोठून येईल, हे आपण ठरवीत नसतो.

त्या दाखल्यात एक दुर्लक्षित पात्र आहे: उतारशाळेचा मालक. शोमरोनी पुढे निघून जातो. जखमी माणसाला रोज पाणी देणारा, त्याची पट्टी बदलणारा मागे राहतो. आपल्या साहित्याने पतिताचे आणि तारकाचे चित्र पुष्कळ रंगविले. उतारशाळा मात्र फारशी रंगविली नाही. कारण ते काम संथ असते. त्यात टाळ्यांचे वाक्य नसते. व्यसन एकदा सुटते म्हणजे काय, तर आज सुटते. उद्या पुन्हा सोडावे लागते. आणि त्यासाठी माणसाला झोपावयास छप्पर, करावयास काम व हाक मारणारे कोणीतरी लागते.

हे लिहिण्याचा अधिकार आम्हांला कितपत आहे? काही वर्षांपूर्वी कृष्णेच्या घाटावर झोपणारा एक मनुष्य संध्याकाळी आमच्या दाराशी आला. पैसे नकोत, काही काम द्या, असे तो म्हणाला. त्याच्या तोंडाला वास येत नव्हता, हे आम्हांला नंतर आठवले. आम्ही त्याच्या हातावर दहा रुपये ठेवून फाटक लावून घेतले. तो पुन्हा दिसला नाही.

सुधाकराला परत पाठविणाऱ्या त्या प्रतिष्ठित मंडळींत, हे नाटक वाचताना, आम्हांला आता एक झगाही दिसतो. पुढील संमेलनात तळीरामाऐवजी तो प्रसंग बसवावा, असा आमचा विचार आहे. प्रेक्षक कदाचित हसणार नाहीत.