प्रवेशाची अट नेमके काय मोजते?

बारावीचा निकाल लागला की निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयाच्या सूचना फलकावर प्रवेशाची सूचना लागते. बी.एस्‌सी. प्रथम वर्षासाठी मुख्य अट साधारणपणे एका ओळीची असते : विद्यार्थी बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण असावा. तिच्या पोटात आणखी एक अट असते. पदवीला गणित घ्यायचे तर बारावीला गणित हवे, वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घ्यायचे तर जीवशास्त्र हवे. गुणपत्रक, टी.सी. आणि लागू असेल तर जातीचा दाखला जोडला की काम झाले.

या अटीबद्दल सहसा कोणी वाद घालत नाही. वाद होतात ते वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशांवर. पण या विभागातल्या शाळांना विज्ञानाचे शिक्षक मिळतात ते बहुतांशी अशा साध्या बी.एस्‌सी.मधूनच. म्हणून ही एका ओळीची अट जरा तपासून पाहावी असे आम्हांला वाटते.

प्रयोगशाळेत नवे उपकरण आले की आम्ही त्याला तीन प्रश्न विचारतो. ते काय मोजते? त्याच्या नजरेतून काय सुटते? आणि मोजताना ते मोजल्या जाणाऱ्या वस्तूतच काही बदल करते का? थंड पाण्यात गरम तापमापी बुडवली तर पाणीच थोडे तापते, तसे. प्रवेशाची अट हेही एक मोजण्याचे उपकरणच आहे. तिलाही हेच प्रश्न विचारू.

दार उघडे आहे, ते तसेच राहावे

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ही अट सैल आहे, ती कडक करा, असे आम्ही म्हणणार नाही. मराठवाड्यात महाविद्यालये उशिरा आली. निजामाच्या राजवटीत या भागात उच्च शिक्षणाची सोय नावापुरतीच होती. औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय आणि नांदेडचे पीपल्स कॉलेज 1950 मध्ये सुरू झाले. मराठवाड्याचे स्वतंत्र विद्यापीठ 1958 मध्ये झाले, आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 मध्ये. तालुक्याच्या गावी पदवीचे वर्ग भरणे ही इथे मोठ्या खटपटीने मिळालेली गोष्ट आहे. ज्या मुलीला घरचे लोक लातूरला ठेवू शकत नाहीत किंवा ठेवायला तयार नाहीत, तिच्यासाठी गावातले महाविद्यालय हेच शेवटचे दार असते. टक्केवारीची अट वाढवली तर ते आधी तिच्यासाठीच बंद होईल.

काय मोजले जाते आणि काय सुटते

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांत 70 गुण लेखी परीक्षेला आणि 30 गुण प्रात्यक्षिकाला असतात. म्हणजे कागदावर तरी 'बारावी विज्ञान उत्तीर्ण' या शब्दांत प्रयोगाचा अनुभव गृहीत धरलेला आहे. प्रत्यक्षात काय घडते ते शिक्षकांना सांगायला नको. प्रयोगवही उतरवून काढलेली असते, प्रात्यक्षिकाचे गुण जवळजवळ सगळ्यांना सारखे आणि भरघोस असतात. ज्या मोजपट्टीवर सगळ्यांची उंची सारखीच येते, ती मोजपट्टी काहीच मोजत नाही.

यात मुलांचा दोष नाही. अकरावी-बारावीची दोन वर्षे त्यांच्या पुढे दुसरेच दार असते. सीईटीला किंवा नीटला बसायचे तर पर्यायांतून उत्तर निवडायचे. तिथे ब्युरेट वाचायची नाही, भिंग हाताळायचे नाही, आलेख काढायचा नाही. 'लातूर पॅटर्न'चे नाव झाले ते बोर्डाच्या परीक्षांमुळे. तेव्हा भर उत्तर लिहिण्याच्या सरावावर होता. पुढे सीईटी आली, 2017 पासून वैद्यकीय प्रवेश नीटवर होऊ लागले, तसा सरावही पर्याय निवडण्याकडे वळला. दार बदलले की वाट बदलते. त्या मेहनतीला आम्ही नावे ठेवणार नाही. पण हजारो मुले त्या वाटेने चालतात आणि थोडीच आत जातात. उरलेल्यांपैकी बरीच मुले आपापल्या तालुक्यात बी.एस्‌सी.ला येतात. त्यांनी दोन वर्षे ज्या दाराची तयारी केली ते वेगळे, आणि ती आत येतात ते दार वेगळे.

मोजताना होणारा बदल

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. विषयांची जी पोटअट आहे, तिचा परिणाम दोन वर्षे आधीच सुरू होतो. डॉक्टर व्हायचे म्हणून सोळाव्या वर्षी मुलगा 'मॅथ्स सोडतो', इंजिनियर व्हायचे म्हणून मुलगी 'बायो सोडते'. पीसीबी आणि पीसीएम या शब्दांनी आमच्या घराघरांत विज्ञानाची वाटणी झाली आहे. पुढे नीट जमले नाही आणि त्या मुलाला भौतिकशास्त्राची गोडी लागली, तरी गणिताचा गट त्याला बहुधा मिळत नाही. वनस्पतिशास्त्र घेऊन तो सुटत नाहीच. मेंडेलचे 9:3:3:1 प्रमाण प्रत्यक्ष मोजणीशी जुळते की नाही हे ठरवायला संख्याशास्त्र लागते, आणि पीएच समजायला लॉगॅरिथम.

या शेवटच्या शब्दाचे एक उदाहरण याच मातीतले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे शेजारच्या औसा तालुक्यातील किल्लारीला 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला. हजारो माणसे गेली. सप्टेंबर 2022 मध्ये निलंगा तालुक्यातील हासोरी परिसरात लहान लहान धक्के जाणवले. लोक घाबरले, कारण किल्लारी कोणी विसरलेले नाही. अशा वेळी गावात विज्ञानाच्या शिक्षकालाच विचारतात, 'सर, 2.2 म्हणजे किल्लारीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा धक्का का?'

गणिती उत्तर असे : ही मोजपट्टी लॉगॅरिथमची आहे. एक अंक वाढला की जमिनीच्या हालचालीची नोंद सुमारे दहापट होते आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे 32 पट. 2.2 आणि 6.2 यांत चार अंकांचे अंतर आहे. 32 ला 32 ने असे गुणत चार वेळा 32 घेतले की उत्तर सुमारे दहा लाख येते. म्हणजे 2.2 च्या धक्क्यात किल्लारीच्या ऊर्जेचा सुमारे दहा लाखावा भाग असतो. पुढे मोठा भूकंप होईल की नाही हे यावरून सांगता येत नाही, आणि तेही शिक्षकाने तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. पण तिसरा हिस्सा आणि दहा लाखावा भाग यांतला फरक त्या रात्री फार मोठा असतो. गणित सोडलेल्या विद्यार्थ्याला हे समजावून देण्याची जबाबदारी आपण पदवीच्या तीन-चार वर्षांत कुठे घेतो का?

अट काढून टाकली तर?

यावर वरून सुचवलेला उपाय उलट्या दिशेचा आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2021 मध्ये काही अभियांत्रिकी शाखांसाठी बारावीचे भौतिकशास्त्र आणि गणित ऐच्छिक करण्याचा प्रस्ताव आणला, त्यावर बरीच टीका झाली. डिसेंबर 2024 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने जो मसुदा जाहीर केला त्यात बारावीची शाखा कोणतीही असो, त्या विषयाची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाल्यास पदवीला प्रवेश मिळावा, असे म्हटले होते. सोळाव्या वर्षी बंद झालेली वाट पुन्हा खुली व्हावी, हा त्यामागचा हेतू आम्हांला मान्य आहे. पण त्यासाठी पुन्हा एक पर्यायी उत्तरांची परीक्षा आणली तर एका दाराच्या जागी दुसरे दार येईल, आणि तयारीचे वर्ग त्या दारापुढेही उभे राहतील. शिवाय अट काढली म्हणून गणित आपोआप येत नाही. ते कोणी शिकवायचे, कधी शिकवायचे आणि त्या तासांचा पगार कोणी द्यायचा, याचे उत्तर अटीइतक्याच ठळक अक्षरांत छापायला हवे.

प्रवेशानंतरची तपासणी

आमची सूचना साधी आहे. दार आहे तसे उघडे ठेवावे आणि खरी तपासणी प्रवेश झाल्यावर करावी, कोणाला परत पाठवण्यासाठी नव्हे, कुठून शिकवायला सुरुवात करायची ते कळण्यासाठी. नव्या विद्यार्थ्यांसाठी 'दीक्षारंभ' हा कार्यक्रम घ्यावा असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्येच सांगितले आहे. तो पुष्कळदा स्वागताची भाषणे आणि हारतुरे यांत संपतो. त्याच दिवसांत प्रत्येक विद्यार्थ्याला चार कामे द्यावीत.

एक, दोरी आणि दगडाचा लंबक करून वीस आंदोलनांचा वेळ मोजणे आणि एका आंदोलनाचा वेळ काढणे. वीसच का मोजली, एकच का नाही, हेही विचारावे. दोन, दोरीची लांबी बदलून आलेल्या आकड्यांचा आलेख काढणे. तीन, पीएच 3 असलेले हायड्रोक्लोरिक आम्लाचे द्रावण दहापट पातळ केले तर पीएच किती होईल ते कारणासह सांगणे. चार, भिंगातून एक फूल पाहून जे दिसले तेवढेच आपल्या भाषेत दहा ओळींत लिहिणे. पुस्तकात असते पण दिसले नाही, ते लिहायचे नाही.

याला खर्च जवळजवळ नाही. गुण द्यायचे नाहीत, यादी लावायची नाही. दोन-तीन दिवसांत शिक्षकाला कळते की वर्गातल्या किती जणांना आलेख काढता येत नाही आणि किती जण दहाच्या घातांकाला अडतात. त्यावरून पहिल्या सत्रात आठवड्याला दोन तास ठेवता येतात, गणित सोडलेल्यांसाठी गणिताचे आणि सर्वांसाठी प्रयोगाचे. सत्र लहान आहे, अभ्यासक्रम मोठा आहे, शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, हे सर्व खरे आहे. पण ज्यांना लॉगॅरिथम कळलेला नाही त्यांच्यापुढे रसायनशास्त्राचे पुढचे धडे वाचून दाखवण्यात जे तास जातात, तेही कुठेतरी मोजायला हवेत.

शाळेतल्या शिक्षकांच्या हातीही एक गोष्ट आहे. दहावीनंतर 'मॅथ्स सोडू का?' असे विचारायला मुले त्यांच्याकडेच येतात. सल्ला देण्याआधी पीसीबी घेतल्यावर बी.एस्‌सी.ला कोणते गट मिळणार नाहीत, हे त्यांना आणि पालकांना कागदावर लिहून दाखवावे. बारावीनंतरच्या अटी मुलांना दहावीनंतर ठाऊक असल्या, तर निदान निवड तरी डोळसपणे होईल.