संशोधनाची सप्ताहदीक्षा

प्राध्यापकांस संशोधन शिकविण्यासाठीं भरणाऱ्या कार्यशाळांना हल्लीं बराच बहर आला आहे. खारघर येथील आमच्या एका अध्यापक स्नेह्यांच्या मेजावर अशा तीन कार्यशाळांच्या कार्यक्रमपत्रिका परवां आमच्या पाहण्यांत आल्या. गृहीतक कसें मांडावें, तक्ते कसे करावे, संदर्भ कसे द्यावे, निबंध कोठें छापावा, या साऱ्यांची सोय सात दिवसांत केलेली होती. हेतु स्तुत्य आहे. परंतु मनाला छळणारा प्रश्न कोठून आणावा, याला मात्र तिन्ही पत्रिकांत एक तासही नव्हता!

हा दोष एकट्या कार्यशाळांचा नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१० सालीं संशोधन गुणांच्या मापानें मोजण्याचा नियम केला आणि बढती त्या मापाला जोडली. माप आलें तशी आडतही आली. पैसे घेऊन वाटेल तें छापणारीं नियतकालिकें निघालीं. २०१८ च्या मे महिन्यांत आयोगाला स्वतःच्याच यादींतून ४,३०५ नियतकालिकें काढून टाकावीं लागलीं. अशा ठिकाणीं लिहिणाऱ्यांस संदर्भ देतां येत नव्हते असें नव्हे. बहुतेकांपाशीं सांगण्यासारखें कांहीं नव्हतें, इतकेंच.

संशोधनाचें कसब तें काम करणाऱ्याच्या शेजारीं बसूनच येतें. विष्णु सीताराम सुखठणकर बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखालीं शिकले. १९२५ सालीं भांडारकर संस्थेंतील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची धुरा त्यांच्याकडे आली, आणि पोथ्यांतील पाठ ताडून पाहणारी मंडळी तेथें तयार झाली. सुखठणकर १९४३ सालीं वारले. तरी काम थांबलें नाहीं, १९६६ सालीं तें तडीस गेलें. इतकें दूर तरी कशाला? खारघरांतच टाटा स्मारक केंद्राची 'अ‍ॅक्ट्रेक' ही संस्था आहे. कर्करोगावरील उपचार, संशोधन आणि शिक्षण हीं तिन्ही तिच्या नांवांतच एकत्र आहेत. रुग्णालय व प्रयोगशाळा एकाच आवारांत असल्यावर प्रश्न दारीं चालून येतात.

महाविद्यालयांनीं एवढा पैसा आणावा कोठून, असें कोणी म्हणेल. आम्ही मागतों तें थोडें आहे. ज्यानें खरोखर काम हातीं घेतलें त्याचे कांहीं तास कमी करावे. ग्रंथालय सुटींतही उघडें असावें. आणि महिन्यांतून एकदां अर्धवट लिहिलेला निबंध सहकाऱ्यांपुढें वाचून त्यावरील निर्भीड टीका ऐकावी. मग सात दिवसांची कार्यशाळा खुशाल भरवावी. तिला कांहीं विचारावयाचें घेऊन येणारे श्रोते तरी मिळतील.